विश्लेषण : ऑफिसच्या भिंतीवर ठोकळ्यांची पाटी, बनवून घ्यावी की स्वतः बांधावी?

१९९६ ची गोष्ट. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांना आपल्या शोधयंत्रासाठी दहा हार्ड डिस्क एकत्र ठेवायच्या होत्या, प्रत्येकी ४ गिगाबाइटच्या. त्यांनी तयार कपाटाऐवजी खेळण्यातल्या रंगीत ठोकळ्यांचा डबा बांधला. स्वस्त, आणि डिस्क वाढल्या की वाढवता येणारा. त्या शोधयंत्रातून पुढे गुगल उभं राहिलं. तो डबा स्टॅनफर्डने जपून ठेवला आहे.

आज टेक कंपन्यांच्या रिसेप्शनमागे ठोकळ्यांत लिहिलेलं कंपनीचं नाव दिसतं, तेव्हा त्यामागे कुठेतरी याच डब्याची आठवण असते. फरक इतकाच, की त्या दोघांनी ठोकळे वापरले ते काम भागवायला. आता ठोकळे येतात ते इंटिरियरच्या बजेटमधून.

म्हणून प्रश्न पडतो. सनबोर्डवर छापलेलं किंवा अॅक्रिलिकमध्ये कापलेलं नाव दोन दिवसांत भिंतीवर लागत असताना, हजारो ठोकळे जोडण्याचा खटाटोप कशासाठी? उत्तर बरंचसं एका गोष्टीवर ठरतं : पाटी बांधली कोणी.

एक ठोकळा म्हणजे किती मोठं चित्र?

लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची कंपनी. आजच्या ठोकळ्याच्या जोडणीच्या पेटंटसाठी तिने २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो, कारण मापं बदललेली नाहीत. ठोकळ्यावरच्या दोन गोल बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. चपट्या ठोकळ्याची, म्हणजे प्लेटची, उंची बरोबर त्याच्या एक तृतीयांश, ३.२ मिलिमीटर.

पाटी बनवणाऱ्यासाठी यातला पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. मोबाइलच्या स्क्रीनवर चित्र जसं पिक्सेलचं बनतं, तसं इथे ते ८ मिलिमीटरच्या चौकोनांचं बनतं. त्याहून बारीक काही दाखवायचं तर आकाराने वेगळे, खास तुकडे शोधावे लागतात आणि हिशेब अवघड होतो.

हे चौकोन लांबून दिसेनासे होतील, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक कळतो. त्या हिशेबाने ८ मिलिमीटरची पायरी साधारण २७ मीटरपर्यंत दिसत राहते. एवढं लांबलचक रिसेप्शन फार थोड्या कार्यालयांत असतं. तेव्हा गोलाईच्या कडेला पायऱ्या दिसणारच, हे पहिल्याच बैठकीत मान्य करून टाकलेलं बरं. बारीक रेषांचा, छटा मिसळत जाणारा लोगो ठोकळ्यांत नीट उतरत नाही. जाड रेषांचा, दोन-तीन रंगांचा लोगो छान उतरतो.

नाव मराठीत लिहायचं तर पाटी केवढी हवी?

इथे खरा कस लागतो. समजा, अक्षराची रेघ दोन बटणं जाड आणि दोन रेघांमधली मोकळी जागाही दोन बटणं ठेवली. इंग्रजी कॅपिटल 'ई'ला तीन आडव्या रेघा आणि दोन मोकळ्या जागा लागतात. म्हणजे उंची १० बटणं, ८ सेंटिमीटर. काम झालं.

आता याच जाडीत 'पुणे' लिहून पाहावं. मधे शिरोरेखा आणि तिच्याखाली अक्षराचं अंग, वर 'णे'ची मात्रा, खाली 'पु'चा उकार. म्हणजे तीन मजले. काटकसर केली तरी उंची २४ बटणांच्या आसपास जाते, म्हणजे १९ सेंटिमीटरच्या वर. इंग्रजी अक्षराच्या दुपटीहून जास्त. आणि हे तर सोपं नाव झालं. 'महाराष्ट्र' मधला 'ष्ट्र' चोवीस बटणांत बसवायला घेतला, की देवनागरीचं टायपोग्राफीचं काम किती नाजूक असतं ते कळतं.

याचा परिणाम कागदावर लगेच दिसतो. आधी पाटीचा आकार ठरवून मग त्यात नाव कोंबलं, तर पहिला बळी मात्रा-वेलांट्यांचा जातो आणि शेवटी 'सोपं पडतं' म्हणून इंग्रजी नाव लावलं जातं. क्रम उलटा हवा. नावातलं सगळ्यात गुंतागुंतीचं अक्षर आधी घ्यावं, ते किती बटणांत सुवाच्य होतं ते पाहावं आणि त्यावरून पाटी ठरवावी.

महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानं आणि आस्थापनांवर मराठी, देवनागरी नामफलक बंधनकारक झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदतही दिली होती. तो नियम दर्शनी नामफलकाचा आहे, आतल्या शोभेच्या भिंतीचा नाही. पण बाहेर नियमापुरतं मराठी आणि आत हौसेने बांधलेल्या पाटीवर फक्त इंग्रजी, यातून कार्यालयाची खरी आवड दिसतेच.

आराखड्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलमध्ये रकाने आणि ओळी सारख्या मापाच्या करून चौकोन रंगवले तरी पुरतं. ब्रिकलिंकचं 'स्टुडिओ' हे मोफत सॉफ्टवेअर चित्राचे ठोकळे करून देतं आणि लागणाऱ्या तुकड्यांची यादीही काढतं. मात्र देवनागरी अक्षरं यंत्राने केल्यावर हाताने सुधारावीच लागतात.

लोगो उभट का होतो?

पाटी दोन पद्धतींनी बनते. पहिली म्हणजे मोझेक. यात बेसप्लेट भिंतीला समांतर असतात आणि त्यांवर ठोकळे असे बसतात की बटणं बघणाऱ्याकडे येतात. दुसरी पद्धत गवंड्याची. ठोकळ्यावर ठोकळा रचत भिंत उभी करायची, बटणं वरच्या बाजूला.

मोझेकमध्ये प्रत्येक चौकोन ८ बाय ८ मिलिमीटरचा, म्हणजे खराखुरा चौकोन असतो. गवंडी पद्धतीत मात्र रुंदी ८ आणि उंची ९.६. चौकोनी कागदावर काढलेला आराखडा तसाच रचला, तर चित्र २० टक्के उभट होतं आणि वर्तुळाचं अंडं होतं. नवशिक्यांची ही ठरलेली चूक. ती लक्षात येते तेव्हा अर्धी भिंत उभी झालेली असते. उपायही ठोकळ्याच्या मापातच आहे. पाच प्लेटची उंची १६ मिलिमीटर, आणि दोन बटणांची रुंदीही १६ मिलिमीटर. प्लेट वापरून आराखडा या ५ : २ च्या प्रमाणात बसवला, की वर्तुळ पुन्हा वर्तुळ होतं.

गवंडी पद्धतीची भिंत एकाच बटणाच्या जाडीची ठेवली तर ती डुलते. विटांच्या भिंतीत जसे उभे सांधे एकावर एक येऊ देत नाहीत, तसे इथेही मोडावे लागतात, आणि मागे आधाराला जागोजागी बांधावं लागतं. पहिल्यांदाच हात घालणाऱ्या कार्यालयाने मोझेकच निवडावं.

खर्च किती येतो?

एक उदाहरण घेऊ. ३२ बाय ३२ बटणांची बेसप्लेट २५.६ सेंटिमीटरची असते. अशा आडव्या सात आणि उभ्या चार, म्हणजे एकूण २८ लावल्या, तर पाटी १७९ बाय १०२ सेंटिमीटरची होते. ढोबळमानाने सहा फूट बाय साडेतीन फुटांना थोडी कमी. तिच्यावर २८,६७२ बटणं असतात.

सगळी बटणं एकेका बटणाच्या तुकड्यांनी झाकायची तर तेवढेच तुकडे लागतील. कोणी तसं करत नाही. मोकळ्या भागात मोठे तुकडे आणि कडांना लहान, असं धरून एक तुकडा सरासरी चार बटणं झाकतो म्हटलं, तर ७,१६८ तुकडे होतात. तुकडा ८ रुपयांना पडला तर सुमारे ५७ हजार रुपये, ३ रुपयांना पडला तर साडेएकवीस हजार. बेसप्लेट, मागची शीट आणि सुताराची मजुरी वेगळी.

वाचवण्याचा सोपा मार्ग असा : पार्श्वभूमीचा रंग बेसप्लेटचाच ठेवावा आणि ठोकळे फक्त अक्षरांना लावावेत. अक्षरं एक तृतीयांश जागा व्यापत असतील, तर काम २,४०० तुकड्यांत भागतं. अक्षरं पार्श्वभूमीवरून उठून दिसतात, हा वरचा फायदा.

भारतात हे ठोकळे महाग वाटतात त्याला कारण आहे. २०२० मध्ये खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणन सक्तीचं झालं. त्यामुळे अनेक जण लेगोशी जुळणाऱ्या इतर कंपन्यांच्या ठोकळ्यांकडे वळतात. त्यात बेकायदा काही नाही. ठोकळ्याचा आकार हे ट्रेडमार्क होऊ शकत नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१० मध्येच दिला आहे. फक्त एका पाटीत दोन कंपन्यांचा माल मिसळू नये. लाल रंग लालच असतो, पण दोघांचा लाल सारखा नसतो, आणि पकडही कमी-जास्त असते.

घाऊक खरेदीवरून एक वाद गाजला होता. २०१५ मध्ये चिनी कलावंत आय वेवे यांना मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी मोठ्या संख्येने ठोकळे हवे होते. राजकीय कामासाठी वापर होणार म्हणून लेगोने ते द्यायला नकार दिला. जगभरातून लोकांनी त्यांना आपल्या घरचे ठोकळे पाठवले. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने धोरण बदललं. ठोकळे कशासाठी हवेत हे आता विचारलं जात नाही. सार्वजनिक ठिकाणी मांडताना या कामाला कंपनीचा पाठिंबा नाही, एवढं स्पष्ट करायचं. कार्यालयांनीही स्वतःच्या नावाशेजारी लेगोचा लाल लोगो लावण्याचा मोह टाळावा.

भिंत हे वजन पेलेल का?

ठोकळे जड असतील, ही भीती चुकीच्या जागी आहे. आठ बटणांचा ठोकळा अडीच ग्रॅमहूनही हलका असतो, प्लेट तर त्याच्या निम्म्याहून कमी. वरच्या उदाहरणात पूर्ण पाटी प्लेटने भरली, बेसप्लेट धरल्या, तरी सगळं प्लास्टिक सहा-सात किलोंच्या आसपास जातं. मागे लावलेला १२ मिलिमीटरचा प्लायवूड मात्र एकटाच तेरा ते पंधरा किलोंचा भरतो. म्हणजे भिंतीवरचं मोठं ओझं लाकडाचं असतं. त्याऐवजी पाटीवाले वापरतात ती ४ मिलिमीटरची एसीपी शीट घेतली, तर तेच वजन दहा किलोंवर येतं.

वीस किलो हा काँक्रीटच्या भिंतीला किरकोळ भार आहे. पण कार्यालयांतली पार्टिशनं बहुधा जिप्सम बोर्डाची असतात. त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू आवळला, तर काही महिन्यांनी ती बोर्डाचा भुगा घेऊन बाहेर येऊ शकते. आणि रिसेप्शनच्या भिंतीखाली दिवसभर कोणीतरी बसलेलं असतं. पार्टिशनच्या आतली लोखंडी पट्टी शोधून स्क्रू तिच्यातच घ्यावा, किंवा बोर्डासाठीचे खास अँकर वापरावेत. हे काम हौशी कर्मचाऱ्यांचं नाही, सुताराचं आहे.

आणखी तीन गोष्टी. हे प्लास्टिक उष्णतेने प्रसरण पावतं. एसी बंद असलेल्या सुटीच्या दिवसांत तापमान २० अंशांनी वाढलं, तर पावणेदोन मीटरची पाटी अडीच-तीन मिलिमीटर वाढू पाहते. म्हणून बाहेरची चौकट घट्ट नको. दुसरं, खिडकीतल्या उन्हात पांढरे आणि राखाडी ठोकळे पिवळे पडतात. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं : हे प्लास्टिक पेटलं की काळा दाट धूर होतो. तापणाऱ्या दिव्याजवळ आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर ही पाटी नकोच.

मग बाहेरून बनवून घेतली तर बिघडलं कुठे?

एवढ्या भानगडी वाचून कोणताही प्रशासन विभाग म्हणेल, देऊन टाका कोणालातरी. काम सफाईदार होईल, वेळेत होईल. आणि मोठी, गुंतागुंतीची, सार्वजनिक जागेतली कलाकृती हवी असेल तर हेच योग्य आहे. जगभरात व्यावसायिक ठोकळे-कलाकार आहेत. न्यूयॉर्कचे नेथन सवाया वकिली सोडून याच कामात आले आणि त्यांची प्रदर्शनं देशोदेशी फिरली.

पण ऑफिसच्या नावाची पाटी ही तशी कलाकृती नाही. तिचा कच्चा माल असा आहे, की तो कोणालाही जोडता येतो. डिझायनरला, अकाउंट्सवाल्यांना, शिपायाला, दारावरच्या सुरक्षारक्षकाला. त्यासाठी शिक्षण लागत नाही, इंग्रजी लागत नाही. अॅक्रिलिक कापणं किंवा निऑनची नळी वाकवणं सगळ्यांना जमणारं नाही. ठोकळा दाबून बसवणं जमतं. ज्या मालाचा एवढा एकच मोठा गुण आहे, तो बाजूला ठेवून तयार पाटी टांगली, तर उरते ती महागडी, धूळ धरणारी आणि जरा अस्पष्ट दिसणारी पाटी.

हिशेबही हेच सांगतो. एक तुकडा शोधून बसवायला दहा सेकंद धरली, तर ७,१६८ तुकड्यांना एका माणसाचे सलग वीस तास जातात. तेच काम २८ बेसप्लेट २८ जणांना वाटून दिल्या तर पाऊण तासात होतं. अट एकच. आदल्या दिवशी ठोकळे रंगाप्रमाणे आणि मापाप्रमाणे निवडून ठेवावे लागतात, घरी तांदूळ निवडतात तसे. आणि प्रत्येक बेसप्लेटचा आराखडा वेगळ्या कागदावर, क्रमांक घालून.

ही 'सक्तीची मजा' तर होणार नाही?

आक्षेप रास्त आहे. 'टीम बिल्डिंग' हा शब्द ऐकला की अनेकांच्या कपाळावर आठी येते, कारण त्याचा अर्थ बऱ्याचदा शनिवारचा गेलेला अर्धा दिवस असा असतो. पगारवाढ लांबलेली असताना भिंतीवर पन्नास हजारांचे ठोकळे चढवले, तर लोक चेष्टाच करतील. आणि ती योग्यच असेल.

म्हणून काही पथ्यं हवीत. काम ऑफिसच्या वेळेत व्हावं. २८ जणांचा एक तास हा कंपनीचा खरा खर्च आहे, तो कंपनीनेच सोसावा. ज्याला यायचं नाही त्याला कारण विचारू नये. कंत्राटी कर्मचाऱ्यांना बोलवायचं तर केवळ फोटोपुरतं नको, त्यांचा तासही पगारी असावा. सफाई कामगार रोज त्या भिंतीवरची धूळ पुसणार आहेत. बटणांमधली धूळ फडक्याने निघत नाही, ब्रश लागतो. पाटी किती उंचीवर असावी, हे त्यांना आधी विचारलं तर बरं.

एवढं पाळणं जमत नसेल तर सरळ अॅक्रिलिकची पाटी लावावी. तीही चांगली दिसते, आणि त्यात खोटेपणा नसतो.

डिंक लावावा का?

व्यावसायिक प्रदर्शनांत ठोकळे चिकटवतात, कारण त्यांची ने-आण होते आणि हजारो हात लागतात. भिंतीवरच्या पाटीला त्याची गरज नसते. बेसप्लेट मागच्या शीटला पक्क्या चिकटवाव्यात, ठोकळे मात्र मोकळे असावेत. एखादा निघाला तर पुन्हा दाबून बसवता येतो.

कंपन्यांची नावं बदलतात, लोगो बदलतात, कार्यालयं हिंजवडीतून खराडीला जातात. चिकटवलेली पाटी तेव्हा भंगारात जाते. मोकळे ठोकळे डब्यात परत जातात. त्यातून नवं नाव लिहिता येतं, किंवा तो डबा एखाद्या जिल्हा परिषद शाळेला देता येतो. फक्त तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती हे बारीक तुकडे देऊ नयेत, एवढी काळजी.

बेसप्लेट चिकटवताना एक युक्ती कारागीर नेहमी वापरतात. शेजारच्या दोन बेसप्लेटवर अर्धा-अर्धा बसेल असा ठोकळा आधी लावून घेतात, म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या बटणांमधलं अंतर बरोबर ८ मिलिमीटरचं राहतं आणि चिकटवल्यावर सांधा ओळीत येतो. ही जागा चुकली, तर नंतर त्या सांध्यावर एकही तुकडा बसत नाही.

वाटून केलेल्या पाटीतही सांध्यावरचे हे तुकडे शेवटपर्यंत मोकळेच राहतात, कारण ते कोणा एकाच्या कागदावर येत नाहीत. डाव्या बेसप्लेटवाला आणि उजव्या बेसप्लेटवाला, दोघांनी मिळूनच ते बसवायचे असतात. अकाउंट्सची खुर्ची आणि सुरक्षारक्षकाची खुर्ची त्या पाच मिनिटांसाठी तरी शेजारी येते. पाटी बाहेरून तयार होऊन आली, तर नेमकी हीच पाच मिनिटं मिळत नाहीत.